जुन्या गाडीच्या आतल्या रेक्झिनला रंग देताना: आधी तेल काढा

मामाजींच्या पद्मिनीच्या डॅशबोर्डवर बोट टेकवलं की ते चिकटायचं आणि सोडवताना चट्ट असा आवाज यायचा. गाडी १९८६ची. बारा-तेरा वर्षं ती हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी कोठ्यात (गोठ्यात), कुटाराच्या म्हणजे भुश्याच्या ढिगाशेजारी उभी होती. वर ताडपत्री होती, पण आतून उंदीर, धूळ आणि दर उन्हाळ्याची भट्टी. मला वाटलं, रेक्झिन वितळलं. मग मामाजींनीच सहज सांगितलं, "अबे, दर दिवाळीले जवसाचं तेल लावत होतो मी त्याले. लाकडाले लावलं तं शंभर वर्षं टिकते, मंग रेक्झिनले काहून नाही?"

जवसाचं तेल हवेत हळूहळू सुकून पापुद्रा धरतं. म्हणून तर ते लाकडाला आणि जुन्या ऑइल पेंटला चालतं. रेक्झिनमध्ये ते मुरत नाही, वर गोंदासारखं बसतं आणि त्यावर धूळ बसत जाते. मी खरवडत होतो ती दहा-बारा दिवाळ्यांची पुटं होती. खालचं रेक्झिन बरंचसं शाबूत निघालं.

हे आधी सांगतोय, कारण नवीन माणूस या कामाकडे 'रंग मारणं' म्हणून बघतो. दुकानात जातो, स्प्रेचा डबा आणतो, रविवारी मारतो आणि पुढच्या रविवारी नखाने सोलतो. मीही तेच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी मागच्या एका दाराच्या पॅडवर गॅरेजमधला उरलेला काळा ड्युको, म्हणजे गाडीच्या पत्र्याला मारतात तो रंग, मारला. आठ दिवस झकास दिसला. मे महिन्यात त्याला वावरातल्या काळ्या मातीसारख्या भेगा पडल्या आणि लग्नाला जाताना मामींच्या पिस्ता रंगाच्या साडीवर त्याचे काळे कपचे चिकटले. मामी अजून त्या दाराने बसत नाहीत.

रेक्झिन जिवंत आहे का ते पाहा

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याचे पाइप बघा. त्याला मऊ ठेवण्यासाठी कारखान्यात तेलकट रसायन मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. उन्हात हे रसायन हळूहळू बाहेर पडतं. जुन्या गाडीच्या समोरच्या काचेला आतून जो धुरकट चिकट थर येतो ना, पुसला तरी महिन्याभरात परत येणारा, त्यात बराच भाग याचाच असतो. आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या बाजूला पारा ४६-४७ला टेकतो. अशा दिवशी काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७०-८० अंशांवर जातो. चाळीस उन्हाळे असे काढल्यावर मऊपणा किती उरणार?

म्हणून पहिली परीक्षा अशी. पॅडची किंवा सीटची मागे दुमडलेली कड हातात घ्या आणि हळू वाकवा. वाकली, थोडी सुरकुती पडून परत सरळ झाली, तर जीव आहे. पापडासारखी कडकन मोडली, तर त्यावर रंगाचे पैसे घालू नका. नवं रेक्झिन आणून कुशनवाल्याकडून चढवून घ्या. रंग वरचा थर असतो, तो मेलेल्या रेक्झिनला मऊ करत नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, बाहेर पडलेला प्लास्टिसायझर वरून चोळून परत आत जात नाही.

एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडतात. आमच्या पद्मिनीत पुढचं सलग सीट, उन्हाच्या बाजूला, खलास होतं. मागचं सीट आणि चारही दारांची पॅडं चांगली होती. पुढच्या सीटला नवं रेक्झिन, बाकीच्यांना रंग, असं ठरवलं. हा हिशोब काम सुरू करण्याआधीच करा, कारण पुढे सगळ्यांचा रंग जुळवायचा आहे.

स्टीअरिंग आणि सीटबेल्ट या यादीतून काढून टाका. स्टीअरिंगवर हाताचा घाम आणि घासणं इतकं असतं की घरगुती रंग टिकत नाही. आणि बेल्टच्या पट्ट्याला रंग किंवा थिनर लागला तर धागा कमजोर होऊ शकतो. तो साबणाने धुवा, तेवढंच.

कधी करायचं

पावसाळ्यात नाही. हवेत ओल असली की सुकताना रंगावर दुधासारखी पांढरी झाक येते. एप्रिल-मेमध्येही नाही, कारण फवारा पार्टपर्यंत पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. आपल्याकडचा चांगला काळ डिसेंबर-जानेवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन. धुकं गेलेलं असतं, ऊन कोवळं असतं.

यात एक गोम आहे. तोच आपल्या भागात कापसाचा हंगाम असतो. जिनिंग जवळ असेल किंवा घरात कापूस साठवलेला असेल, तर हवेत बारीक रुई उडत असते. एरवी डोळ्यांना दिसत नाही, ओल्या काळ्या रंगावर मात्र केसासारखी उठून दिसते. माझं पहिलं पॅड असं केसाळ झालं. आता मी कोठ्याची जमीन आदल्या दिवशी झाडून घेतो, सकाळी सडा टाकतो आणि दाराला ओलं लुगडं टांगतो. जमीन शेणाने सारवलेली असेल तर त्या दिवशी तिथे झाडू अजिबात फिरवायचा नाही.

पार्ट काढणं

गाडीत बसून, वर्तमानपत्रं चिकटवून रंग मारता येतो. पण कडांना जुना रंग राहतो आणि काचेवर तुषार उडतात. पॅड काढाच. काच वरखाली करायच्या हँडलच्या मागे एक वाटी असते. ती आत दाबली की पद्मिनीसारख्या गाड्यांत आडवी पिन दिसते. बारीक खिळ्याने ती ठोकून बाहेर काढायची. काही गाड्यांत तिथे स्क्रू असतो, काहींत तारेची क्लिप. जोर लावण्याआधी टॉर्च मारून बघा.

पॅडच्या आत हार्डबोर्ड असतो आणि तो क्लिपांनी पत्र्यात अडकवलेला असतो. रुंद, बोथट पट्टी थेट क्लिपशेजारी घालून उचला. दोन क्लिपांच्या मध्ये उचललं तर जुना हार्डबोर्ड बिस्किटासारखा तुटतो. निघालेल्या पिना-स्क्रू दारानिहाय वेगळ्या डब्यांत ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गाडी महिनाभर उघडी राहते आणि माणूस विसरतो.

वाटी काढल्यावर खाली पाहा. तिच्या मागे रुपयाएवढं गोल वर्तुळ असतं, जिथे ऊनही पोचलं नाही आणि जवसाचं तेलही. आमच्या पॅडचा रंग मी जन्मभर मळका तपकिरी समजत होतो. वर्तुळ निघालं चक्क मरून. मामाजी बराच वेळ त्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हो ना बे, मरूनच होती. तुही मामी म्हणे, वांग्यासारखी आहे."

त्या वर्तुळाचा फोटो घेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा रंग बदलतो. पॅडच घेऊन दुकानात जा आणि उन्हात बाहेर येऊन जुळवा, ट्यूबलाइटखाली नाही.

धुणं

आता खरं काम. आमच्या गाडीला रंग द्यायला एक दुपार लागली आणि धुवायला चार दिवस.

पहिल्यांदा हवा मारून किंवा ब्रशने सुकी धूळ काढा. मग कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. वापरलेला मऊ दातांचा टूथब्रश घ्या आणि गोलगोल फिरवत फेस करा. रेक्झिनवर चामड्यासारखी जी बारीक नक्षी असते तिच्या खाचांत मळ बसतो, फडक्याने तो निघत नाही. एकदम सगळं पॅड ओलं करायचं नाही. तळहाताएवढा भाग घासायचा, फेस सुकायच्या आत पुसायचा, मग पुढचा. पाणी ओतायचं तर नाहीच, कारण मागचा हार्डबोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि पॅड परत दारावर सपाट बसत नाही.

पुसायला पांढरं सुती कापड घ्या, जुन्या धोतराचं उत्तम. रंगीत फडक्यावर मळ कळत नाही. पहिलं फडकं चहाच्या रंगाचं निघेल. तिसरं-चौथं फिकं निघेल आणि तुम्हाला वाटेल झालं. झालेलं नसतं. फडकं पांढरं येईपर्यंत चालू ठेवा.

जवसाच्या तेलासारखं घट्ट बसलेलं काही असेल तर धुण्याचा सोडा एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा घ्या. खायचा नाही, धुण्याचा. हातमोजे घाला. सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं त्या भागावर पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा, मग ब्रश मारा. पापुद्रा मऊ होऊन सायीसारखा गोळा होतो. एका वेळी सगळा निघणार नाही. नख लावून खरवडायचा मोह टाळा, नखाचा ओरखडा रंगाखालूनही दिसतो. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसून सोडा पूर्ण काढा.

यानंतर सावलीत दिवसभर सुकवा आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. नवीन माणूस इथे अडतो, की हे गावात मिळणार कुठे? मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे विचारा. सर्किट धुवायला तो हेच वापरतो आणि कुठून आणायचं ते सांगेल. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि जेल असतं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी तर मळ काढायचाच नाही. रॉकेल-डिझेल स्वतःच तेलकट थर सोडतात, पेट्रोल रेक्झिनमधला मऊपणा ओढून घेतं आणि कोठ्यात कुटार असताना पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. थिनर आणि अ‍ॅसिटोनने मळ झटक्यात जातो खरा, पण सोबत रेक्झिनचा वरचा पापुद्राही विरघळतो. विश्वास नसेल तर टाकाऊ तुकड्यावर थेंब टाकून बघा, मिनिटात चिकट होतो.

अल्कोहोलचं पुसणं एकाच दिशेने करा आणि दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्या. तेच फडकं फिरवत राहिलं तर तेल इकडून तिकडे जातं, बाहेर जात नाही.

सगळ्यात हट्टी शत्रू मात्र जवसाचं तेल नाही, ते दिसतं तरी. गाडी चकचकीत दिसावी म्हणून डॅशबोर्डला किंवा टायरला जे पॉलिश लावतात, त्यातल्या बऱ्याच पॉलिशांत सिलिकॉन असतं. ते हाताला फक्त गुळगुळीत लागतं. त्यावर रंग मारला की तो जागोजागी फाकतो आणि बारीक गोल डोळे उठतात, रव्याच्या घावनासारखी जाळी पडते. तुमच्या गाडीला कोणी कधी असं पॉलिश लावलं असेल, आणि विकत घेतलेल्या गाडीला लावलेलंच असतं असं धरून चाला, तर गाडीच्या पेंटच्या दुकानातून मेण-ग्रीस काढायचं लिक्विड आणा. आधी मागच्या कडेवर लावून पाहा, मग फडक्यावर थोडं घेऊन झरझर पुसा आणि परत साबण, परत अल्कोहोल.

तपासायला पाण्याचा एक थेंब पॅडवर टाका. मोत्यासारखा गोल उभा राहिला तर तेल किंवा सिलिकॉन आहे. पसरला तर पुढे जा. गावातले कुशनवाले चाचा, ज्यांनी मला हे शिकवलं, ते रंगाचं काही विचारलं की आधी हाच थेंब टाकायचे आणि म्हणायचे, "रंग तं लागते रे. पहिले सांग, तेल निघालं का?"

फाटलेलं

लहान चीर असेल तर तिच्या मागे सुती कापडाची पट्टी सरकवा, रेक्झिनला चालणारा लवचिक डिंक लावा, कडा जुळवा आणि वर सपाट वजन ठेवून रात्रभर सोडा. कडा वर उठलेल्या असतील तर आधी पॅड पंधरा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा, रेक्झिन सैल होतं. कडक सुकणारा झटपट डिंक नको. त्याची शिवण पहिल्याच वाकण्यात बाजूने फाटते.

खड्डा भरायचा असेल तर लवचिक फिलर पातळ थरांत भरा. पण भरलेली जागा गुळगुळीत राहते, आजूबाजूला नक्षी आणि मध्ये टक्कल. यावर एक युक्ती आहे. पॅडच्या चांगल्या भागावर फिश-टँकच्या सिलिकॉनचा थर द्या, सुकल्यावर सोलून काढा. नक्षीचा उलटा ठसा मिळतो. शेवटच्या ओल्या थरावर तो दाबायचा. अर्थात वर ज्या सिलिकॉनला शिव्या दिल्या तेच आपण स्वतः लावतोय, तेव्हा ठसा घेतलेली जागा परत पूर्ण धुवायची. पहिल्यांदा करत असाल तर सोडून द्या. लहान ठिगळ डोळ्यांत भरत नाही, दुसऱ्यांदा बिघडवलेलं पॅड भरतं.

रंग

दुकानात 'व्हिनाइल डाय' किंवा रेक्झिन-लेदरचा लवचिक रंग मागा. नाव डाय असलं तरी तो कपड्याच्या रंगासारखा आत मुरत नाही. त्यातलं सॉल्व्हंट वरचा पापुद्रा किंचित मऊ करतं, त्यामुळे रंगाचा पातळ थर तिथे घट्ट धरतो आणि रेक्झिनबरोबर वाकतो. ड्युको, घरचा एनॅमल आणि बुटाचं पॉलिश वाकत नाही किंवा धरत नाही. दोन भाग मिसळून मारायचा पीयू रंग मजबूत असतो, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. तो घरी मारू नका.

फिक्यावर गडद सोपं, गडदावर फिकं अवघड. काळ्या पॅडला बदामी करायला सात-आठ थर लागतात, तोवर नक्षी बुजते. मूळ रंगच परत द्यावा असं माझं मत. आणि डॅशबोर्डचा माथा कोणत्याही रंगाचा असो, मॅटच हवा. चकाकणारा असेल तर दुपारी समोरच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं, रस्ता नाही.

मारण्याआधी करड्या रंगाची बारीक स्कॉच-ब्राइट अगदी हलकी फिरवा, चकाकी जाईल इतकीच. परत एकदा अल्कोहोल. यानंतर पॅडला उघड्या बोटाने हात लावायचा नाही.

थंडीत डबा पाच मिनिटं कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, चुलीजवळ कधीच नाही. दोन मिनिटं हलवा. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. मग पॅडपासून वीतभर अंतर, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर. बटण पॅडच्या बाहेर दाबायचं, हात सरळ नेऊन पलीकडे बाहेर सोडायचं. मनगट वळवून अर्धवर्तुळात मारलं तर मध्ये जाड आणि कडांना पातळ बसतो.

पहिला थर नुसता दव पडल्यासारखा. खालचा रंग स्पष्ट दिसत राहतो, तो दिसू द्या. इथेच झाकून टाकायची घाई होते आणि ओघळ येतात. दहा मिनिटं थांबा. दुसरा थर आडवा, तिसरा उभा. चौथ्याला सारखा होतो. ४०० मिलीच्या डब्यात माझी दोन दारांची पॅडं झाली. ओघळ आलाच तर बोट लावू नका, पूर्ण सुकू द्या, मग पाणी लावून घासायच्या बारीक पॉलिश पेपरने उतरवा. डोळे उठले तर पुढचा थर मारून झाकायचा प्रयत्न व्यर्थ आहे. सुकवा आणि धुण्यापासून परत सुरू करा. वाईट वाटतं, मला दोनदा वाटलं.

नाकाला रुमाल बांधून हे काम करू नका. रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. पेंटरचा कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क आणा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि बिडीवाल्या पाहुण्यांना त्या दिवशी अंगणातूनच रामराम करा.

सुकणं आणि बसवणं

अर्ध्या तासात हाताला कोरडा लागेल, त्यावर जाऊ नका. चोवीस तासांनी मागच्या दुमडीवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला तर धुण्यात कसर राहिली. नाही आला तर अजून एक आठवडा सावलीत ठेवा आणि मग बसवा. सीटवर बसायचीही तोवर घाई नको. पुढचा महिनाभर फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. पॉलिश महिन्यानंतरही नको. उन्हाळ्यात गाडी बाहेर ठेवायचीच असेल तर डॅशबोर्डवर जुनी पांढरी चादर टाका, ती कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त काम करते. मामाजींच्या हातात मी आता ओलं फडकं दिलंय, आणि जवसाची बाटली मामींनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आहे.

रंग मारण्याआधी हँडलच्या वाटीमागच्या त्या गोल वर्तुळावर रुपयाएवढी चिकटपट्टी लावायला विसरू नका, निदान एका दारावर तरी. वाटी बसली की ते कोणाला दिसत नाही, पण पुढे कोणी परत हे पॅड काढलं तर त्याला जुळवायला मूळ रंग सापडेल.